थंडीतल्या शिकारीसाठी शेगडीचा हलका तंबू: गटाने निवड कशी करावी

कडाक्याच्या थंडीत काही दिवस रानात मुक्काम ठोकून शिकार करणाऱ्या गटाला थंडीपेक्षा ओल अधिक नडते. कपडे कोरडे असतील आणि स्लीपिंग बॅग चांगली असेल, तर उणे तापमानातही माणूस नीट झोपू शकतो. परंतु बर्फाने, ओल्या झुडपांनी आणि स्वतःच्या घामाने दिवसभरात भिजलेले बूट, मोजे व हातमोजे संध्याकाळी वाळले नाहीत, तर पहाटे ते गोठून कडक झालेले असतात आणि दोन-तीन दिवसांत गटातल्या एकाचे तरी पाय सुन्न पडू लागतात. मोहीम आवरती घ्यावी लागते ती बहुधा इथे. शेगडी लावता येईल असा तंबू घ्यायचा तो या ओलीवर उपाय म्हणून, म्हणजेच संध्याकाळच्या तीन-चार तासांसाठी आणि पहाटेच्या अर्ध्या तासासाठी. रात्रभर उबेत झोपण्याची सोय म्हणून जो हा तंबू घेतो, तो चुकीचा आकार, चुकीची शेगडी आणि अपुरी स्लीपिंग बॅग घेऊन निघतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

पुढील क्रम मुद्दाम असा ठेवला आहे की आधी इंधन ठरेल, मग माणसे, मग आकार आणि कापड, आणि शेवटी शेगडी. बहुतेक लोक तंबूपासून सुरुवात करतात, आणि मग उरलेल्या सगळ्या गोष्टी त्या तंबूत बसवताना त्यांची दमछाक होते.

पहिली पायरी: वजनाचा हिशेब गटाचा म्हणून मांडावा

पाठीवर वाहून नेता येईल असा, चार माणसांना खरोखर पुरणारा एककापडी तंबू साधारण अडीच किलोंचा असतो. मधला खांब आणि मेखा धरून त्यात एक किलोची भर पडते, आणि घडीची टायटॅनियमची शेगडी धुराड्यासह दीड ते दोन किलो भरते. ही एकूण साडेपाच किलोंची सामग्री चौघांत वाटली, तर प्रत्येकाच्या वाट्याला सव्वा ते दीड किलो येते, म्हणजे प्रत्येकाने स्वतःचा एकट्याचा हलका तंबू आणला असता तर जेवढे वजन झाले असते, जवळपास तेवढेच. यात लाकूड कापण्याची घडीची करवत धरायला विसरू नये; तिच्याशिवाय शेगडी निरुपयोगी आहे.

या वाटणीची दुसरी बाजूही आधीच पाहावी. सगळा गट एकाच छताखाली राहणार असेल, तर ते छत फाटले, जळाले किंवा ज्याच्या सॅकमध्ये ते आहे तो माणूस वाट चुकला, तर सगळेच उघड्यावर पडतात. म्हणून तंबू एकाकडे, शेगडी दुसऱ्याकडे आणि एक साधी हलकी ताडपत्री तिसऱ्याकडे, अशी विभागणी करावी; दिवसा गट दोन-दोन जणांत विखुरणार असेल, तर प्रत्येक जोडीजवळ आपत्कालीन निवाऱ्यापुरते काहीतरी असलेच पाहिजे.

दुसरी पायरी: इंधन कोणते, हे जागा ठरवते

जिथे वाळके सरपण मुबलक आहे आणि ते गोळा करण्याची परवानगी आहे, तिथे लाकडाची शेगडी घ्यावी, याबद्दल मला शंका नाही. तिचा धूर आणि त्यातली वाफ धुराड्यातून बाहेर जाते, त्यामुळे आतली हवा खरोखर कोरडी होते आणि कपडे वाळतात. इंधन पाठीवर वाहावे लागत नाही, हा तिचा आणखी एक मोठा फायदा.

धुराडे नसलेले गॅसचे हीटर याच्या नेमके उलट वागतात. एक किलो प्रोपेन जळाला की सुमारे १.६ किलो पाणी वाफेच्या रूपाने तयार होते, आणि ते सगळे तंबूतच राहते. ऊब जाणवते, पण थोड्याच वेळात कापडाच्या आतल्या बाजूने थेंब ओघळू लागतात, आणि हीटर बंद होताच त्यांचे हिमकण होऊन झोपलेल्यांच्या अंगावर पडतात. ज्या ओलीपासून सुटका हवी होती, तीच अशा रीतीने विकत घेतली जाते. शिवाय थंडीत गॅसची जात महत्त्वाची ठरते: ब्युटेन उणे अर्धा अंश सेल्सिअसला, आयसोब्युटेन उणे १२ अंशांच्या आसपास आणि प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो, त्यामुळे ब्युटेनचे प्रमाण जास्त असलेला डबा कडाक्याच्या थंडीत अर्धा भरलेला असूनही ज्योत देत नाही. डिझेलवर चालणारे, धूर बाहेर सोडणारे हीटर कोरडी ऊब देतात, परंतु त्यांना बॅटरी लागते आणि ती धरून वजन इतके होते की गाडी तंबूपर्यंत पोहोचत असेल तरच त्यांचा विचार करावा.

वृक्षरेषेच्या वर किंवा उघड्या माळावर मुक्काम असेल, तर शेगडीचा मोह सोडून द्यावा आणि वाचलेल्या वजनात अधिक उबदार स्लीपिंग बॅग व कोरड्या मोज्यांचा एक जोड न्यावा. शिकारीचा परवाना काढतानाच त्या भागात सरपण गोळा करण्याचे आणि विस्तवाचे नियम काय आहेत, हेही विचारून घ्यावे. आगबंदीच्या काळात तंबूतील लाकडाची शेगडी उघड्या शेकोटीच्याच नियमात मोडते की नाही, हे प्रत्येक ठिकाणी वेगळे असते आणि त्याचे उत्तर निघण्यापूर्वी लेखी मिळालेले बरे.

तिसरी पायरी: माणसे मोजताना कंपनीचा आकडा बाजूला ठेवावा

‘आठ माणसांचा तंबू’ या वर्णनाचा अर्थ इतकाच, की शेगडी नसताना, सामान बाहेर ठेवून, आठ माणसे खांद्याला खांदा लावून झोपली तर जमिनीवर मावतात. शेगडी आली की हा हिशेब पार बदलतो, म्हणून तो कागदावर स्वतः मांडून पाहावा.

शंकूच्या आकाराचा, ४.२ मीटर व्यासाचा आणि मध्यभागी २.२ मीटर उंचीचा तंबू घेऊ. त्याचे क्षेत्रफळ जवळजवळ १४ चौरस मीटर भरते आणि ऐकायला ते भरपूर वाटते. मात्र कापड उतरते असल्यामुळे कडेपासून अर्धा मीटर आत आल्यावरही उंची जेमतेम अर्धा मीटरच मिळते. या कडेच्या पट्ट्यात सॅक, बूट आणि सरपण ठेवता येते, पण माणूस बसू शकत नाही, आणि तिथे पाय केले तर स्लीपिंग बॅगेचा फुगवटा ओल्या कापडाला टेकून भिजतो. हा पट्टा वगळला की वापरण्याजोगी जागा आठ चौरस मीटर उरते, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक जागा आधीच गेलेली असते. शेगडी स्वतः लहान असली, तरी तिच्याभोवती सर्व बाजूंनी अर्धा मीटर मोकळे ठेवायचे म्हटले की दीड ते दोन चौरस मीटर तिला द्यावे लागतात. उरलेल्या सहा चौरस मीटरांत, माणशी दोन मीटर लांब आणि सत्तर सेंटिमीटर रुंद जागा धरली, तर चार माणसे सुखाने राहतात. पाचवा माणूस मावतो, पण त्याचे ओले सामान मावत नाही.

ढोबळ नियम हवाच असेल, तर कंपनीने सांगितलेल्या संख्येची निम्मी करावी. गटात सहा किंवा अधिक जण असतील, तर एका प्रचंड तंबूऐवजी दोन मध्यम तंबू आणि त्यांपैकी एकातच शेगडी, ही रचना मला अधिक शहाणपणाची वाटते: सगळे संध्याकाळी शेगडीच्या तंबूत जमतात, जेवतात, कपडे वाळवतात, आणि झोपायला निम्मे दुसरीकडे जातात. वाऱ्यात मोठा तंबू सांभाळण्यापेक्षा हे सोपे पडते.

चौथी पायरी: किती ऊब लागेल, याचा अंदाज

पातळ एककापडी तंबूतून उष्णता किती वेगाने निसटते, याची कल्पना आल्याशिवाय शेगडीचा आकार ठरवता येत नाही. वरच्याच तंबूचे कापड सुमारे २० चौरस मीटर आहे. एकपदरी कापडातून दर चौरस मीटरमागे, तापमानाच्या दर अंशाच्या फरकाला साधारण सहा वॉट उष्णता बाहेर जाते असे धरले, आणि बाहेर उणे दहा व आत पंधरा अंश, म्हणजे पंचवीस अंशांचा फरक राखायचा ठरवला, तर सतत तीन किलोवॉट उष्णता लागते. वायुवीजनातून जाणारी उष्णता त्याहून वेगळी.

चांगल्या वाळलेल्या एका किलो लाकडात सुमारे १५ मेगाज्यूल उष्णता असते, परंतु लहान पातळ शेगडीत तिच्यातील निम्मी तरी धुराड्यातून निघून जाते. त्यामुळे एवढी ऊब राखायला तासाला दीड किलो लाकूड लागते, आणि वारा असेल तर दोन किलो. चार तासांच्या संध्याकाळीसाठी सहा ते आठ किलो सरपण, तेही शेगडीच्या लांबीत कापलेले आणि मनगटाहून जाड नसलेले, अंधार पडण्यापूर्वी तंबूच्या दाराशी रचलेले असावे लागते. हे काम दमलेल्या माणसांनी रोज करायचे आहे, हे निवड करताना लक्षात ठेवावे. उंच, प्रशस्त तंबू दुकानात आवडतो. रानात त्याच्या प्रत्येक जादा चौरस मीटरचे लाकूड कुणाला तरी तोडावे लागते.

याच हिशेबातून आणखी एक गोष्ट उघड होते. घडीच्या शेगडीत एका वेळी जेमतेम किलोभर लाकूड मावते, त्यामुळे ती अर्ध्या-पाऊण तासात निखाऱ्यांवर येते, आणि ती विझल्यावर पाऊण तासात तंबूचे तापमान बाहेरच्या जवळ पोहोचते. म्हणून स्लीपिंग बॅग निवडताना तंबूत शेगडी आहे हे पूर्ण विसरावे आणि त्या भागातील सर्वांत थंड रात्रीचे तापमान धरूनच ती घ्यावी.

पाचवी पायरी: आकार

एका खांबावर उभा राहणारा शंकू किंवा बहुकोनी पिरॅमिड हा वजनाच्या मानाने सर्वांत समर्थ आकार आहे. उत्तर युरोपातील सामी लोकांचा लाव्वू आणि उत्तर अमेरिकेच्या मैदानी प्रदेशातील आदिवासींचा टिपी या दोन्ही निवाऱ्यांनी हा आकार थंडीत आणि वाऱ्यात शतकानुशतके पारखलेला आहे. अमेरिकी लष्करातील हेन्री हॉपकिन्स सिब्ली या अधिकाऱ्याने टिपीवरूनच सुचलेल्या शंकूच्या तंबूचे पेटंट १८५६ साली घेतले. सुमारे साडेपाच मीटर व्यासाच्या त्या तंबूत डझनभर सैनिक झोपत, आणि त्यासाठी केलेली पत्र्याची शंकूसारखी शेगडी पुढे कित्येक दशके लष्करात वापरली गेली. बदल झाला तो साहित्यात. तेव्हाचे जाड सुती कापड घोडागाडीवर न्यावे लागे, आणि आज तेच काम पाठीवरच्या सॅकमध्ये मावते.

या आकाराच्या तिरप्या भिंतींवरून बर्फ आपोआप घसरतो आणि वारा कुठल्याही दिशेने आला तरी त्याला मोठी सपाट बाजू सापडत नाही. उणीव अशी, की खांब नेमका मधोमध येतो आणि कडेची जागा वाया जाते. कडेला गुडघाभर उभी कनात असलेले नमुने ही उणीव बरीच भरून काढतात, पण त्यांना दोर आणि मेखा अधिक लागतात. बोगद्याच्या आकाराच्या तंबूत जागेचा उपयोग उत्तम होतो. मात्र त्यांच्या कमानी जड असतात आणि साचणाऱ्या बर्फाखाली त्या दबतात. सरळ भिंतींचा जाड सुती कापडाचा तंबू मुक्कामाला सर्वांत सुखाचा, परंतु त्याचे कापड आणि सांगाडा मिळून वजन कित्येक दहा किलोंत जाते, तेव्हा तो घोडे, गाडी किंवा बर्फावरची घसरगाडी असणाऱ्यांनीच घ्यावा.

आकार कोणताही असो, दोन दारे असणारा नमुना शोधावा. आग लागली तर शेगडी ज्या बाजूला आहे, तिच्या विरुद्ध बाजूने बाहेर पडता आले पाहिजे.

सहावी पायरी: कापड

हलक्या तंबूंचे कापड बहुधा सिलिकॉनचा लेप दिलेले नायलॉन किंवा पॉलिस्टर असते. नायलॉन चिवट असते, पण भिजले की ताणले जाऊन सैल पडते, आणि मध्यरात्री उठून दोर पुन्हा ताणावे लागतात. पॉलिस्टर फारसे सैल पडत नाही. त्याच वजनात ते फाटायला मात्र थोडे कमी चिवट असते. शेगडीच्या तंबूसाठी मी पॉलिस्टरकडे झुकतो, कारण सैल पडलेले कापड वाऱ्याने धुराड्याकडे सरकू शकते, आणि हा धोका शेगडी नसलेल्या तंबूत नसतो.

नायलॉन आणि पॉलिस्टर दोन्ही साधारण २२० ते २६० अंशांदरम्यान वितळतात. अतिहलक्या तंबूंत वापरले जाणारे पॉलिएथिलीन धाग्यांचे कापड मात्र दीडशे अंशांच्या आतच वितळते. वजनासाठी ते कितीही मोहक असले तरी शेगडीशेजारी ते नसावे. कापड अग्निरोधक मानकात बसते, असे लिहिलेले असले तर त्याचा अर्थ ज्योत आपोआप विझते इतकाच घ्यावा. ठिणगीने भोक पडायचे ते पडतेच, म्हणून चिकटपट्टीचे तुकडे आणि सिलिकॉनची छोटी ट्यूब गटाच्या सामानात असावी.

धुराडे बाहेर काढण्यासाठी कापडात शिवलेला उष्णतारोधक चौकोन, ज्याला स्टोव्ह जॅक म्हणतात, तो कारखान्यातच बसवलेला असेल तर उत्तम. सिलिकॉनचा लेप दिलेल्या काचतंतूच्या कापडाचा हा भाग असतो. त्याच्या शिवणी नीट पाहाव्यात, त्याचे भोक आपल्या धुराड्याच्या व्यासाला जुळते का हे तपासावे, आणि शेगडी नसताना ते झाकणारी पट्टी आहे ना, तेही पाहावे. ही पट्टी गुंडाळून बांधता आली पाहिजे. ती सुटून गरम नळीवर पडली तर जळते.

सातवी पायरी: शेगडी आणि धुराडे

टायटॅनियमची शेगडी हलकी असते, झटकन तापते आणि तितक्याच झटकन गार होते. पातळ पोलादाची शेगडी जवळजवळ दुप्पट वजनाची, पण ती वाकडी कमी होते आणि ऊब थोडी अधिक धरून ठेवते. पाठीवर न्यायची असेल तर टायटॅनियम, गाडीतून न्यायची असेल तर पोलाद, यापलीकडे फार विचार करण्याची गरज नाही. शेगडीची लांबी मात्र विचारपूर्वक निवडावी: चाळीस सेंटिमीटर लांबीचे लाकूड मावणारी शेगडी वजनाने थोडी अधिक असली, तरी करवतीचे श्रम पुष्कळ वाचवते.

हलक्या शेगड्यांचे धुराडे टायटॅनियमच्या कागदासारख्या पातळ पत्र्याचे असते. तो पत्रा लांबीच्या दिशेने गुंडाळून नळी करायची आणि तिच्यावर तारेची कडी चढवायची. पहिल्यांदा हे काम चिडचिड आणते, कारण पत्रा ज्या दिशेने गुंडाळून आलेला असतो त्याच दिशेने परत उलगडू पाहतो, आणि त्याच्या कडा इतक्या धारदार असतात की हातमोज्यांशिवाय बोटे कापतात. दोघांनी मिळून करावे: एकाने एका टोकाला नळी घट्ट धरून पहिली कडी चढवावी आणि दुसऱ्याने पुढे पुढे गुंडाळत न्यावे. मग उघड्यावर शेगडी पेटवून तासभर चांगली तापवली की पत्र्याला गोल आकार बसतो आणि पुढच्या वेळी तो बराच शहाण्यासारखा वागतो. हे पहिले तापवणे घरीच उरकावे. तंबूत, हिमवर्षावात, बत्तीच्या उजेडात नव्हे.

धुराड्याचे वरचे टोक तंबूच्या शेंड्याच्या जवळपास किंवा त्याहून वर असावे. ते आखूड असले तर ओढ कमी पडून धूर आत येतो आणि ठिणग्या विझण्यापूर्वीच कापडावर पडतात. टोकाला ठिणग्या अडवणारी जाळी हवी, आणि ती रोज झटकायला हवी, कारण ओलसर लाकडाची चिकट काजळी तिच्यात साचून धुराचा मार्ग बंद होतो. आडव्या पडलेल्या, बर्फात बुडालेल्या लाकडापेक्षा उभी वाळलेली झाडे किंवा झाडावरच वाळलेल्या फांद्या अधिक कोरड्या मिळतात. धुराडे जोराच्या वाऱ्यात हलू नये म्हणून त्याला दोन-तीन बारीक तारा बांधता येतील असा नमुना घ्यावा.

बर्फावर तळ असेल तर शेगडी तिच्या खालचा बर्फ वितळवत हळूहळू तिरपी होत जाते आणि धुराडे कापडाला टेकते. तिच्या पायांखाली दोन हिरवे, ओले ओंडके आडवे घालावेत आणि झोपण्यापूर्वी ती सरळ आहे ना, हे एकदा पाहावे.

आठवी पायरी: जमीन, मेखा आणि जागा

शेगडीच्या तंबूला तळ नसणेच सोयीचे असते. बर्फाळलेले बूट घालून आत येता येते आणि ठिणगी पडली तर मातीवर पडते. प्रत्येकाने आपल्यापुरती जमिनीवर अंथरायची पट्टी आणि उष्णतारोध दाखवणारे आर-मूल्य पाच किंवा अधिक असलेली मॅट आणावी. आर-मूल्य मोजण्याचे एक सामायिक मानक २०१८ पासून उपलब्ध आहे, त्यामुळे त्यानुसार मोजलेल्या मॅटांचे आकडे एकमेकांशी ताडून पाहता येतात.

गोठलेल्या जमिनीत ॲल्युमिनियमच्या मेखा वाकतात, तिथे पोलादाच्या किंवा टायटॅनियमच्या खिळ्यासारख्या मेखा लागतात; भुसभुशीत बर्फात याच मेखा निरुपयोगी ठरतात आणि तिथे दोराच्या टोकाला फांदी बांधून ती आडवी पुरून वरचा बर्फ तुडवावा लागतो. मधल्या खांबाखाली लाकडाची फळी ठेवावी, नाहीतर तो बर्फात रुतून तंबू ढिला पडतो.

तळासाठी अगदी खोलगट जागा टाळावी, कारण थंड हवा रात्री उतरून तिथेच साचते. वर वाळकी झाडे किंवा लोंबकळणाऱ्या फांद्या नाहीत ना, हे मान वर करून पाहावे. शिकारीच्या दृष्टीनेही एक काळजी घ्यावी लागते: नेहमीच्या वाऱ्याने धूर ज्या दिशेला वाहतो, त्या दिशेला सावजाचे चरण्याचे क्षेत्र नसावे.

नववी पायरी: कार्बन मोनॉक्साईड आणि आग

इथे काटकसर करू नये. कार्बन मोनॉक्साईडला रंग नसतो, वास नसतो, आणि तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे आणि गुंगी येणे ही त्याची लक्षणे दिवसभराच्या थकव्यासारखीच वाटतात, म्हणूनच थकलेला गट त्यांच्याकडे दुर्लक्ष करतो. ज्योत मंदावून निखारे धुमसत राहतात तेव्हा हा वायू अधिक तयार होतो. रात्रभर निखारे टिकावेत म्हणून धुराड्यातील झडप पूर्ण बंद करणे ही सर्वांत घातक सवय आहे.

तंबूत खाली एक आणि शेंड्याजवळ एक, अशी दोन हवेची छिद्रे कायम उघडी असली पाहिजेत. वाऱ्याने वाहून आलेला बर्फ कडेला साचून खालचे छिद्र रात्रीतून बुजवतो, म्हणून लघवीला उठणाऱ्या प्रत्येकाने ते मोकळे करून यावे, असा गटाचा नियमच करावा.

बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साईडचा इशारायंत्र घ्यावे आणि ते झोपलेल्यांच्या डोक्याच्या उंचीला टांगावे. घरगुती यंत्रांसाठीच्या अमेरिकी मानकानुसार, हवेत दहा लाखांत ७० भाग वायू असताना यंत्र एक ते चार तासांनी वाजते, तर ४०० भाग असताना ४ ते १५ मिनिटांत. याचा अर्थ कमी प्रमाणात ते बराच वेळ गप्प असते, त्यामुळे प्रत्यक्ष आकडा पडद्यावर दाखवणारे यंत्र अधिक उपयोगी. कडाक्याच्या थंडीत साध्या बॅटऱ्या लवकर दगा देतात. लिथियमच्या वापराव्यात, आणि यंत्र किती तापमानापर्यंत चालते हे त्याच्या माहितीपत्रकात पाहून दिवसा ते अंगाजवळच्या खिशात ठेवावे.

आगीबाबत नियम एकच पुरे आहे: शेगडीत ज्योत किंवा निखारे असतील तोवर किमान एक माणूस जागा असला पाहिजे. तंबूत शेगडी वापरणाऱ्या लष्करी तुकड्याही असा पहारा ठेवतात. पहाऱ्याला कुणी तयार नसेल, तर निखारे विझू द्यावेत आणि मग झोपावे. प्रत्येकाच्या उशाशी कापड फाडण्याइतका धारदार चाकू असावा, आणि वाळवणाची दोरी शेगडीच्या थेट वर कधीही बांधू नये. दोरीवरून घसरलेला एक मोजा पुरेसा होतो.

दहावी पायरी: हत्यार, काडतुसे आणि मांस

बंदूक उबदार तंबूत आणू नये. गार पोलादावर आतली वाफ लगेच पाणी होऊन बसते, आणि पहाटे बाहेर नेताच तेच पाणी खटक्यात व चापाच्या यंत्रणेत गोठते. रिकामी केलेली बंदूक बाहेरच, कोरड्या आवरणात, बर्फ पडणार नाही अशा आडोशाला ठेवावी. तिच्यासाठी तंबूला छोटी पुढची ओसरी असणारा नमुना मिळाला तर फार सोयीचे होते. काडतुसे आणि बंदूक साफ करण्याचे ज्वालाग्राही द्रव शेगडीपासून शक्य तितके दूर, शक्यतो तंबूबाहेरच असावेत. अस्वलांच्या प्रदेशात मांस आणि खाण्याचे जिन्नस तंबूपासून निदान शंभर मीटरवर, उंच टांगून किंवा अस्वलरोधक पेटीत ठेवावेत. तळ नसलेल्या तंबूत तर खाण्याचा तुकडाही रात्री राहू देऊ नये.

कापडाचा रंगही विचारात घ्यावा. त्याच रानात इतर शिकारी असतील, तर रानाशी एकरूप होणारा तंबू धोक्याचा ठरू शकतो. भडक नारिंगी रंगाची एक पट्टी शेंड्याला बांधावी.

अकरावी पायरी: निघण्यापूर्वीची तालीम

सगळे सामान आल्यावर गटाने एकदा एकत्र जमून, अंधारात, जाड हातमोजे घालून आणि जमले तर पावसात तंबू उभा करून पाहावा. शेगडी पेटवून इशारायंत्र आत टांगावे, दोन तास बसावे आणि धुराड्याभोवतीचे कापड हाताला किती गरम लागते ते तपासावे. हात ठेववत नसेल, तर धुराडे आणि कापड यांतले अंतर कमी आहे. प्रत्येकाने आपली मॅट अंथरून आपली जागा ठरवावी आणि ती मोहिमेत बदलू नये, म्हणजे अंधारात कुणाचा पाय शेगडीला लागत नाही. तंबू किती मिनिटांत उभा राहतो यापेक्षा, गटातला सर्वांत नवखा माणूस तो एकट्याने उभा करू शकतो का, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते, कारण अंधार पडताना तळावर सर्वांत आधी कोण पोहोचेल, हे शिकारीत कधीच ठरलेले नसते.

परतल्यावर तंबू पूर्ण वाळवून मगच घडी घालावी, धुराड्याची काजळी कोरड्या फडक्याने पुसावी आणि उन्हाकडे धरून कापडातली ठिणगीची भोके शोधून ती त्याच आठवड्यात सिलिकॉनने बुजवावीत.